अर्धी गोळी: एक काथ्याकूट

आमच्या आईचा सिद्धान्त असा की, तापाची गोळी अख्खी घेतली तर उष्ण पडते, अर्धी घेतली तर पडत नाही. हा सिद्धान्त तिने कुठून आणला ते विचारण्याची आमच्या घरात कुणाची प्राज्ञा नाही. अंमलबजावणी मात्र माझ्याकडे आहे. तिच्या अंगात कणकण आली की गोळी अर्धी करून देण्याचं काम गेली कित्येक वर्षं माझं. प्रस्तुत प्रबंध त्या कामातून उद्भवला आहे. विषय क्षुल्लक आहे असं कुणी म्हणेल. ज्याने पॅरासिटामॉलची गोळी आधी नखाने, मग सुरीने, मग विळीवर, मग अडकित्त्यात आणि शेवटी उंबऱ्यावर ठेवून बत्त्याने फोडली आहे, तो म्हणणार नाही.

विधान पहिलं: गोळीच्या मधोमध खाच असते. विधान दुसरं: गोळी तिथे तुटत नाही. तुटते तेव्हा तिचे तीन भाग होतात. एक मोठी अर्धी, एक लहान अर्धी आणि ओट्यावर पसरलेला चुरा. 'मोठी अर्धी' हा शब्दप्रयोग न्यायशास्त्रात वदतोव्याघात ठरेल, आमच्याकडे तो पाण्याबरोबर गिळला जातो. चुऱ्याबद्दल मतभेद आहेत. मी तो फडक्याने पुसतो. आई बोटाने टिपून जिभेवर ठेवते आणि तोंड वाकडं करते, कारण पॅरासिटामॉल कडू असतं. आणि लगेच समाधानी दिसते, कारण कडू असतं.

कारणमीमांसेत तीन पक्ष संभवतात. पहिला आईचा: माझ्या हाताला वळण नाही. दुसरा कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याचा: "साहेब, हल्ली मालच असा येतो." तिसरा माझा, आणि प्रबंध मीच लिहीत असल्यामुळे तोच सिद्धान्तपक्ष: दोष हाताचा नाही, मालाचाही नाही, दोष रेणूंच्या बसण्याच्या पद्धतीचा आहे.

हे सिद्ध करायचं तर गोळीच्या आत उतरणं भाग होतं. आत गर्दी फार. ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलमध्ये सुमारे दोनावर एकवीस शून्यं इतके रेणू असतात. म्हणजे गोळी खरोखरीच अर्धी करायची तर एकावर एकवीस शून्यं इतके रेणू आईला, आणि तितकेच कागदाच्या पुडीत. हत्यार: अडकित्ता.

आता एकेका रेणूची चौकशी. आठ कार्बन, नऊ हायड्रोजन, दोन ऑक्सिजन, एक नायट्रोजन. एकूण वीस डोकी, म्हणजे जुन्या वाड्यातलं बेताचं एकत्र कुटुंब. मधोमध सहा कार्बनचं सपाट कडं. कड्याच्या एका टोकाला ऑक्सिजन, त्याच्या कडेवर एक हायड्रोजन. समोरच्या टोकाला अमाइडचं बिऱ्हाड. अमाइडमध्ये एका कार्बनला एकीकडून ऑक्सिजन दुहेरी बंधाने चिकटलेला असतो आणि दुसरीकडून नायट्रोजन. कागदावर कार्बन आणि नायट्रोजन यांच्यामध्ये एकेरी रेघ ओढतात. एकेरी बंधाभोवती अणू फिरू शकतात, पण हा बंध फिरू देत नाही. नायट्रोजन आपल्या पदरची इलेक्ट्रॉनांची जोडी थोडी कार्बनकडे सरकवतो आणि बंध धड ना एकेरी धड ना दुहेरी असा होऊन बसतो. लांबीतही ते दिसतं. साधा कार्बन-नायट्रोजन बंध सुमारे १.४७ अँगस्ट्रॉमचा, अमाइडमधला १.३४ च्या आसपास. (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. ज्यांना गोळीची अर्धी मोजता येत नाही अशांनी या मापात बोलावं हे बरं दिसत नाही, पण प्रबंध आहे.) तात्पर्य, अमाइडचा गट मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखा ताठ असतो. मान वळवायची तर सगळ्या अंगासकट वळायचं.

या ताठ मंडळींना एक खोड आहे. कुणाचा तरी हात धरल्याशिवाय त्यांना बसवत नाही. नायट्रोजनवरचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. याला हायड्रोजन बंध म्हणतात. नायट्रोजनवर दोन हायड्रोजन असले तर दोन रेणू समोरासमोर येऊन चक्क फुगडी घालतात: याचा हायड्रोजन त्याच्या ऑक्सिजनला, त्याचा याच्या ऑक्सिजनला. उरलेल्या हातांनी शेजारच्या जोड्या धरायच्या की तयार होते फुगड्यांची लांबलचक रांग. बेंझामाइड नावाचा अवघ्या सोळा अणूंचा पदार्थ हेच करतो. त्याची कथा पुढे येईल.

पॅरासिटामॉलला फुगडी जमत नाही. त्याच्या नायट्रोजनचा एक हात कड्याला बांधलेला. उरलेला हायड्रोजन आणि अमाइडचा ऑक्सिजन एकमेकांकडे पाठ करून उभे. मग तोडगा असा: अमाइडचा हायड्रोजन शेजाऱ्याच्या हायड्रॉक्सिलमधला ऑक्सिजन धरतो, आणि हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन तिसऱ्याच कुणाच्या अमाइडचा ऑक्सिजन धरतो. प्रत्येक रेणू दोन हात देतो, दोन हात घेतो. हिशेब चोख, उधारी नाही. या देवाणघेवाणीतून रेणूंची चादर विणली जाते, आणि चादरीवर चादर रचली की स्फटिक.

इथवर सगळं शिस्तीत आहे. घोटाळा चादरीच्या आकारात आहे.

नेहमीच्या पॅरासिटामॉलचा स्फटिक ज्या विटेने बांधलेला असतो ती वीट एकनताक्ष जातीची. आगपेटीवर कुणी तिरकं बसलं की ती जशी एका बाजूला कलते, तशी: दोन कोन काटकोनी आणि एक सुमारे ९८ अंशांचा. बाजू साधारण ७, ९ आणि १२ अँगस्ट्रॉम. एका विटेत चार रेणू. आणि या विटांमधून ज्या चादरी जातात त्या पन्हळी असतात, कोकणातल्या गोठ्यावरच्या पत्र्यासारख्या. पन्हळीवर पन्हळ घट्ट बसते आणि एक पत्रा दुसऱ्यावरून आडवा सरकत नाही.

शंका: पन्हळीच्या दिशेने तर पत्रा सरकतोच की. समाधान: दृष्टान्त अंगावर घेऊ नये. पत्र्याला हायड्रोजन बंध नसतात.

सरकत नाही हे दुर्गुण कसं ठरतं, ते मला माझ्या एका शाळूसोबत्याने सांगितलं. तो औद्योगिक वसाहतीत गोळ्यांच्या यंत्रावर होता. त्याच्या मते औषधी भुकट्यांचे दोन प्रकार: दाबल्यावर ऐकणाऱ्या आणि न ऐकणाऱ्या. साच्यात भुकटी भरायची आणि वरखालून ठोकळ्याने दाबायची, ही गोळीची सारी कला. दाबताना ज्या पदार्थाच्या चादरी पत्त्यांच्या कॅटसारख्या एकमेकींवरून घसरतात, त्याचे कण चपटे होतात, एकमेकांना बिलगतात आणि गोळी टणक होते. पॅरासिटामॉलचे कण घसरत नाहीत. ते दाब सोसतात, काही फुटतात, बाकीचे दाब सुटला की पुन्हा फुगू पाहतात. मग साच्यातून बाहेर पडताच गोळीचा वरचा पापुद्रा झाकणासारखा अलगद निघतो. याला कारखान्यात कॅपिंग म्हणतात. "टोपी उडते," मित्र म्हणाला, आणि हे सांगताना त्याने नकळत स्वतःच्या डोक्याला हात लावला.

चाणाक्ष वाचक विचारेल, मग पॅरासिटामॉलला पन्हळी न करता सपाट चादरीत बसवलं तर? बसवता येतं. तेच वीस अणू, तेच हात देणं-घेणं, पण चादर सपाट आणि वीट सरळ, न बसलेली आगपेटी. एका विटेत आठ रेणू. या रूपाची गोळी दाबली तर छान होते, टोपी उडत नाही. शिवाय ते घट्टही जास्त बसतं: घनता नेहमीच्या रूपाची १.२९, याची १.३४ च्या घरात. याला दुसरं रूप म्हणतात, पण छापून आधी तेच आलं. जपानमध्ये हाइसा आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या रूपाची रचना १९७४ मध्ये प्रसिद्ध केली आणि पहिल्याची १९७६ मध्ये. थोरल्याच्या आधी धाकट्याचं लग्न उरकल्याचं स्फटिकशास्त्रात कुणाला काही वाटलेलं दिसत नाही.

धाकट्याचा स्वभाव मात्र अस्थिर. हाइसांनी ते अल्कोहोलचं द्रावण सावकाश आटवून मिळवलं. पाककृती सोपी, म्हणून इतरांनीही करून पाहिली, आणि त्यांच्या भांड्यात दर वेळी थोरलाच उतरला. पाककृतीची वही उसनी नेऊन अनरसे बिघडलेल्या कुणालाही या संशोधकांचं दुःख कळेल. १९९८ मध्ये गॅरी निकोल्स आणि ख्रिस्तोफर फ्रॅम्प्टन या दोघांनी वाट काढली. पॅरासिटामॉल वितळवून थिजवलं की दुसऱ्या रूपाचे कण मिळतात. ते चिमूटभर कण गार होणाऱ्या दाट द्रावणात टाकायचे, म्हणजे सगळं द्रावण त्याच वळणावर जातं. हे वाचून मी पुस्तक मिटलं. याला आपल्याकडे विरजण म्हणतात. कवडी दही हवं तर कवडी दह्याचंच विरजण आणावं लागतं, हे शेजारणीकडे वाटी घेऊन जाणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक असतं. तिला फक्त त्यावर निबंध लिहायला सवड नसते.

तिसरंही एक रूप आहे. ते काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये चेपून ठेवलं तरच टिकतं, मोकळं सोडलं की पसार. त्याची रचना उलगडायला २००९ साल उजाडलं. त्याच्याविषयी अधिक बोलण्यासारखं काही नाही; चेपून ठेवल्यावरच नीट वागणारे सगळ्याच घरांत असतात.

एकाच रेणूने अनेक वेष घ्यायचे, याला शास्त्रात बहुरूपता म्हणतात. हा शब्द घडवणाऱ्याला दंडवत. आमच्या लहानपणी गल्लीत बहुरूपी येई. आज फौजदार, उद्या तलाठी, परवा आणखी कुणी. आतला माणूस तोच. कोट बदलला की आईचा आवाज बदलायचा. पॅरासिटामॉलचंही तसंच. पाण्यात विरघळलं की तो कोट उतरतो आणि पोटात जाणारा रेणू एकच. पण बाहेर, साच्यात, कोटावरच सगळं ठरतं.

सेंद्रिय पदार्थांतला पहिला बहुरूपी पकडला गेला तो याच अमाइडच्या कुळात, आणि ती हकिगत मला गोळीपेक्षाही ओढून नेते. साल १८३२. फ्रीडरिश व्योलर, ज्याने चार वर्षांपूर्वी युरिया (तोही अमाइडच) प्रयोगशाळेत बनवला होता, त्याची बायको त्या उन्हाळ्यात वारली. मित्र युस्टुस लिबिग याने त्याला गीसेनला बोलावून घेतलं. शोक करायला कदाचित जागा नव्हती, कडू बदामाचं तेल मात्र होतं. दोघांनी त्या तेलावर काम सुरू केलं, त्यातून एकेक पदार्थ निघत गेला आणि त्यात बेंझामाइड निघालं. ते उकळत्या पाण्यात विरघळवून निवायला ठेवलं की सगळ्या पाण्याचा रेशमासारख्या बारीक सुयांचा गोळा व्हायचा. इथपर्यंत नोंद करून कुणीही झोपायला गेलं असतं. हे दोघं त्या भांड्याकडे बघत राहिले. काही तासांनी, कधी एखाद्या दिवसाने, त्या सुयांच्या गोळ्यात एक पोकळी पडे. पोकळीच्या मधोमध एखाददुसरा मोठा, घडीव स्फटिक बसलेला असे. मग पोकळी वाढत जाई, आणि सगळ्या सुया खाऊन जाड स्फटिक उरत. कुणी काही घातलं नाही, काढलं नाही. तेच पाणी, तेच बेंझामाइड. बसण्याची पद्धत बदलली.

जाड स्फटिकांची रचना १९५९ मध्ये क्ष-किरणांनी उलगडली: फुगड्यांची ती रांग. सुयांची उलगडेना. त्या फार बारीक, आणि हातात येईपर्यंत रूप बदलून मोकळ्या. २००५ मध्ये एका गटाने भुकटीवरच्या मोजमापांवरून ती रचना मांडली आणि १७३ वर्षांनी कोडं सुटल्याचं जाहीर केलं. २००७ मध्ये दुसऱ्या गटाने त्याच कोड्यावर पुन्हा निबंध लिहिला आणि शीर्षकात ते १७५ वर्षांचं केलं. सोळा अणू. रात्रभरात भांड्यात घडलेली गोष्ट. आमच्या भाऊबंदकीचा दावा एवढा चालला नाही.

वॉल्टर मॅक्रोन नावाच्या सूक्ष्मदर्शकवाल्याने १९६० च्या दशकात एक निरीक्षण मांडलं होतं, ते मला या शास्त्राचं सार वाटतं: एखाद्या पदार्थाची किती रूपं सापडतील, हे त्याच्यावर किती वेळ आणि किती पैसा खर्च केला यावर अवलंबून असतं. जमिनीच्या वारसांबाबत तलाठी हेच सांगेल.

केंब्रिजमध्ये अशा स्फटिकरचनांचं मोठं दप्तर आहे. २०१९ मध्ये त्यात दहा लाखावी नोंद झाली. प्रत्येक पदार्थाला तिथे सहा अक्षरी खूण असते, पॅरासिटामॉलची एच-एक्स-ए-सी-ए-एन. रासायनिक कुळाचं, म्हणजे हायड्रॉक्सिअ‍ॅसिटानिलाइडचं, ते संक्षिप्त रूप. या कुळाची औषधात भरती झाली ती एका चुकीने, असं सांगतात. १८८६ मध्ये स्ट्रासबुर्गच्या दवाखान्यात कान आणि हेप या दोन तरुण डॉक्टरांनी जंतांच्या रोग्यासाठी नॅफ्थलीन मागवलं, औषधवाल्याकडून भलतीच बाटली आली, आणि जंतांचं काय झालं कुणास ठाऊक, पण ताप उतरला. बाटलीत अ‍ॅसिटानिलाइड होतं. ते विषारी ठरत होतं, तरी बरीच वर्षं चाललं. पॅरासिटामॉल तर १८७८ मध्येच हार्मन मोर्सने बनवून ठेवलेलं. पण अ‍ॅसिटानिलाइडचा गुण शरीरात त्याचं पॅरासिटामॉल होतं म्हणून येतो, हे दाखवायला ब्रॉडी आणि अ‍ॅक्सेलरॉड यांना १९४८ पर्यंत थांबावं लागलं. ही बाटलीची गोष्ट मी आमच्या मेडिकलवाल्याला मुद्दाम सांगितलेली नाही.

आता सिद्धान्तपक्षावरचा सर्वांत मोठा आक्षेप, जो मीच घेतो, कारण दुसरा कुणी इथवर वाचत आलेला नसेल. गोळी म्हणजे एक अखंड स्फटिक नव्हे. ते असंख्य बारीक स्फटिकांचं, कुणाचं तोंड कुठे अशा अवस्थेतलं गाठोडं आहे. तिथे चादरी पन्हळी असोत की सपाट, खाचेवर ताकद लावली की भेग कणाकणांच्या मधून जाणार. आणि कणाकणांच्या मध्ये काय असतं? मित्राकडे पुन्हा गेलो. तो म्हणाला, हट्टी भुकटी तशीच दाबत नाहीत. तिला आधी स्टार्च शिजवून केलेल्या पेस्टमध्ये कालवतात, ओला गोळा चाळणीतून काढतात, वाळवतात आणि तयार झालेली कणी साच्यात भरतात. काही ठिकाणी स्टार्चऐवजी किंवा त्याच्या जोडीला पोव्हिडोन नावाचं चिकट द्रव्य. म्हणूनच ५०० ची गोळी काट्यावर ५०० पेक्षा जास्त भरते.

म्हणजे घडतं ते असं: रेणूला फुगडी जमत नाही, म्हणून चादर पन्हळी, चादर पन्हळी, म्हणून टोपी उडते, टोपी उडते, म्हणून स्टार्च, आणि गोळी तुटते ती स्टार्चच्या मर्जीने. माझा पक्ष खोटा पडत नाही, फक्त तीन घरं मागे सरकतो. विद्वत्तेत याला विजय धरतात.

एक उपप्रमेय राहिलं. आई दर वेळी लहान अर्धी निवडते, कारण उष्ण कमी पडेल. मोठी अर्धी पुडीत बांधून देवघराच्या खणात जाते. म्हणजे खणातली प्रत्येक अर्धी ही अर्धीपेक्षा मोठी. अशा दोन अर्ध्यांची बेरीज एकापेक्षा जास्त होते, चुरा वजा जाऊन जास्त होते की नाही हे चुऱ्यावर. गेल्या महिन्यात मला कणकण आली तेव्हा मी खणातल्या दोन अर्ध्या घेतल्या आणि दिवसभर उकडलं. चैत्र होता, त्यामुळे हा पुरावा आईने ग्राह्य धरला आणि मी फेटाळला.

काल हा प्रबंध तिला वाचून दाखवला. ती गव्हले वळत बसली होती. मुंडावळ्यांपाशी हसली. विरजणापाशी "मग!" म्हणाली. व्योलरची बायको गेली तिथे हात थांबले, "लहान होती का रे मुलं?" असं विचारलं आणि मला सांगता आलं नाही. १७३ वर्षं ऐकून काहीच बोलली नाही. स्टार्चचा भाग आला तशी तिने मला अडवलं.

"स्टार्च म्हणजे?"

"पिठूळ पदार्थ. मक्याचा, बटाट्याचा. शिजवून चिकट करतात."

"म्हणजे खळ."

"हो. खळच."

चाळीस वर्षं तिने सुती नऊवारीला खळ केली आहे. पातळ झाली तर लुगडं ढेपाळतं, जाड झाली तर घडीवर तडकतं, हे तिला बोटांनी कळतं. तिने ताटातली गोळ्यांची स्ट्रिप उचलली, एक गोळी काढली, दोन्ही अंगठे खाचेच्या दोन्ही बाजूंना ठेवले आणि दाबले. गोळीचे तीन भाग झाले.

"पातळ झालीय," ती म्हणाली, आणि चुरा टिपायला बोट ओलं केलं.